मुहूर्त उलटून गेल्यावर

तेलुगू लग्नाचा मुहूर्त कधी रात्री पावणेदोनला असतो, कधी पहाटे साडेतीनला. हैदराबादेत नव्याने आलेल्या मराठी माणसाला याची सवय व्हायला वेळ लागतो. आपल्याकडे गोरज मुहूर्त म्हटला की मंडळी साडेनवाच्या आत जेवून घरी पोचतात. इथे पत्रिका हातात आली की आधी झोपेचा हिशेब मांडायचा. जागं राहायचं, की झोपून उठायचं, की रिसेप्शनला तोंड दाखवून मोकळं व्हायचं? बहुतेक लोक तिसरा मार्ग धरतात. त्यामुळे मुहूर्ताच्या वेळी फंक्शन हॉलमध्ये घरचीच माणसं उरतात.

अशा लग्नात पहाटे साडेचार-पाचला जे बघायला मिळतं, ते एरवी मिळत नाही. जिरं-गूळ डोक्यावर ठेवून झालेलं असतं, मंगळसूत्राच्या तीन गाठी पडलेल्या असतात, एकमेकांच्या डोक्यावर ओतलेले तलंब्रालूचे तांदूळ पायाखाली करकरत असतात. नवरीच्या आईने कुंकवाचं तबक कुठेतरी ठेवलेलं असतं आणि कुठे ते तिला आठवत नसतं. मामा खुर्चीतच पेंगतो. केटररची पोरं मागच्या दाराशी इडलीची भांडी उतरवत असतात. नवरी रात्रीपासून पहिल्यांदाच पाठ टेकून बसते आणि पायातली जोडवी टोचतात का ते चाचपून बघते. चेहरा सांभाळायचं त्राण कुणातच उरलेलं नसतं. पोझ द्यायलाही ताकद लागते, आणि ती मुहूर्ताबरोबर संपलेली असते.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांत जे मुरलेले आहेत, ते या वेळेची वाट बघतात. बाकीचे तोवर लाइटचे स्टँड मिटवून, वायरी गुंडाळून टेम्पोची वाट बघत बसलेले असतात. काम दोघांनीही केलेलं असतं. पण अल्बममधल्या ज्या पानांशी वीस वर्षांनी बोट थांबेल ती बहुधा याच तासाभरात भरतात.

आता हैदराबादेत काय, पुण्यात काय, फोटोवाल्याचं दरपत्रक सारखंच असतं: ट्रॅडिशनल फोटो, ट्रॅडिशनल व्हिडिओ, कँडिड, सिनेमॅटिक, ड्रोन. प्रत्येकाचा माणूस वेगळा, पैसे वेगळे. ट्रॅडिशनलवाला स्टेजसमोर ठाण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘सर, कोंचम नव्वंडी’, म्हणजे जरा हसा, असं शेकडो वेळा सांगतो. कँडिडवाला मोकळा हिंडतो. गंमत अशी, की मागणी वाढली तशी या मोकळ्या फोटोचीही कवायत झाली. ‘कॅमेऱ्याकडे बघू नका. एकमेकांकडे बघा. हां, आता काहीतरी बोला. हसा. परत एकदा.’ जुन्या शहरातल्या एका लग्नात हेच आदेश अस्सल दखनीत ऐकले होते: ‘मेरेकु नक्को देखो, भाई, उनकु देखो!’ नवरदेव बिचारा आज्ञाधारकपणे ‘उनकु’ बघत होता आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून कॅमेरा कुठे आहे ते तपासत होता. नकळत काढल्यासारखा दिसणारा फोटो असा ठरवून निघतो, इन्स्टाग्रामवर चढतो आणि पुढच्या नवरीला तसाच हवा असतो. पूर्वीची पोझ निदान ‘मी पोझ आहे’ असं कबूल तरी करत होती.

त्या प्रामाणिक पोझचा सर्वांत मोठा कारागीर याच शहरात होऊन गेला. राजा दीनदयाळ. जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. शिक्षण रुडकीच्या थॉमसन कॉलेजात, स्थापत्य अभियांत्रिकीचं. नोकरी इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात, अंदाजपत्रकं आणि नकाशे काढण्याची. कॅमेरा हातात आला तो १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशीत. इंदूरच्या दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्याला पाठबळ दिलं, इंग्रज अधिकाऱ्यांनी ओळखी दिल्या. सर लेपल ग्रिफिनबरोबर मध्य भारतात फिरून त्याने काढलेले किल्ले-मंदिरांचे फोटो १८८६ साली पुस्तकरूपात आले. मग सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारात तो फोटोग्राफर झाला. सिकंदराबादेत स्टुडिओ, पुढे मुंबईतही, व्हिक्टोरिया राणीची सनद, आणि निजामाने दिलेला ‘मुसव्विर जंग’ हा किताब. चित्र काढणाऱ्याला लढवय्याचा किताब देणारा हा एकमेव दरबार असावा, अशी मला उगीचच शंका आहे. निजामाने त्याच्यावर एक शेरही रचला होता.

दीनदयाळचे फोटो मी जेव्हा जेव्हा बघतो, तेव्हा मला त्यात आधी बांधकाम खात्याचा ड्राफ्ट्समन दिसतो. खांब ओळंब्यात, जमीन पातळीत, कमानीच्या मधोमध उजेड. माणसांनाही तो इमारतीसारखंच बसवतो. कोण मध्ये, कोण पायरी खाली, कुणाचा हात तलवारीवर, कुणाचा गुडघ्यावर, सगळं मापात. १९०२ साली हैदराबाद संस्थानात शिकारीला आलेले लॉर्ड आणि लेडी कर्झन मारलेल्या वाघामागे उभे आहेत, तो त्याच्याच स्टुडिओचा प्रसिद्ध फोटो. त्यात सगळ्यांत सैलावलेला कोण दिसतो, तर वाघ. हे हसण्यावारी नेऊ नये. दीनदयाळने कॅमेरा हातात घेतला त्या काळात काचेवर फोटो घ्यायचा, तर माणसाने स्थिर राहणं ही तांत्रिक गरज होती. जरा मान हलली की चेहरा पुसट. जुन्या ग्रुप फोटोंत खालच्या ओळीत एखादं मूल धूर झाल्यासारखं दिसतं ना, ते तेवढंच त्या फोटोतलं कँडिड. पुढे आयत्या कोरड्या काचा मिळू लागल्या, आणि दीनदयाळने धावत्या घोड्यांचेही फोटो घेतले. म्हणजे हलणारं टिपता येत नव्हतं असं नाही. दरबाराला ते नको होतं. दरबाराला आपण कसे दिसायला हवेत, ते हवं होतं.

पण त्याच्या कामातली एक गोष्ट आजच्या लग्नाच्या फोटोवाल्यांनी जरूर लक्षात घ्यावी अशी आहे. १८९२ साली त्याने हैदराबादेत जनानी स्टुडिओ काढला. फक्त बायकांसाठी. चालवायला मिसेस केनी-लेव्हिक नावाची इंग्रज बाई, भोवती उंच भिंती आणि पहारा, आत पुरुषाला मज्जाव. हे नुसतं धंद्याचं डोकं नव्हतं. कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे, यावर कॅमेऱ्यासमोरच्या माणसाचा चेहरा ठरतो, ही समज त्यात आहे. कितीही हुशार असलास तरी काही खोल्यांत तू जायचं नाहीस, तिथे दुसरं कुणी जाईल, हे त्याने ओळखलं. आजही हैदराबादेतल्या बऱ्याच मुस्लिम घरांत लग्न ठरलं की बायकांच्या बाजूला लेडी फोटोग्राफरच लागते. त्या लग्नांतल्या ‘आरसी मुसहफ’ या विधीसाठी तर नक्कीच. वधूवरांच्या डोक्यावरून एकच ओढणी, मध्ये कुराण आणि आरसा, आणि त्या आरशात एकमेकांचं पहिलं दर्शन. आपला अंतरपाट, तेलुगूंचा अड्डुतेरा आणि हा आरसा, तिन्हींचा मतलब एक: आधी झाकायचं, मग दाखवायचं. फरक असा, की अंतरपाट दूर होतो तो सगळ्या मांडवासमोर आणि आरशातलं बघणं त्या दोघांपुरतं असतं. त्या ओढणीखाली लेन्स घालायची की बाहेर थांबायचं? मी ज्यांचं काम मानतो त्या फोटोग्राफर मुली बाहेर थांबतात. चेहरा आरशातून वर येतो आणि ओढणी सरकते, तो क्षण त्यांना पुरतो.

नकळत फोटो काढायची युरोपातली परंपरा ज्याच्यापासून मोजतात, तो एरिक सालोमन मात्र बरोबर उलटा. जर्मन ज्यू, शिक्षणाने वकील. १९२८ च्या सुमारास त्याने कोर्टात कॅमेरा न्यायला बंदी असताना टोपीत लपवून नेला आणि खटल्याचे फोटो घेतले. पुढे राजकारण्यांच्या बंद दाराआडच्या बैठकांतही तो शिरू लागला. त्याच्याकडचा एर्मानॉक्स हा कॅमेरा खोलीतल्या दिव्यांवर काम करी, फ्लॅश लागत नसे. मुत्सद्दी जांभया देताहेत, कानाशी लागताहेत, पेंगताहेत, असे फोटो जगाने प्रथमच पाहिले. १९४४ मध्ये ऑशविट्झला त्याचा अंत झाला. सत्तेवरच्या माणसाचा चेहरा चोरून टिपण्यात एक न्याय आहे, असं मला वाटतं. पण लग्नघर म्हणजे राष्ट्रसंघ नव्हे. नवरीच्या बापाने कुणापासून काही लपवलेलं असलं, तर ते कर्ज असतं किंवा रडू.

आणि म्हणून लग्नाच्या फोटोग्राफरची पार्श्वभूमी मला महत्त्वाची वाटते. हैदराबादेत या धंद्यात आलेली निम्मी पोरं तरी भेटल्यावर सांगतात, की ती इंजिनिअर आहेत. गच्चीबावली-माधापूरच्या कंपन्यांत कोड लिहीत होती, पहिल्या बोनसमधून कॅमेरा घेतला, मित्राच्या बहिणीच्या लग्नात फुकट फोटो काढले, मग शनिवार-रविवार, मग राजीनामा. दीनदयाळही असाच नोकरी सोडून आलेला इंजिनिअर, तेव्हा या गावाला हे नवं नाही. दुसरीकडे सुलतान बाजार, आबिड्स भागातल्या जुन्या स्टुडिओवाल्यांची पोरं आहेत. त्यांनी शाळेत असताना बापामागे बॅटरीची पेटी आणि फोकस उचललेला. व्हिडिओ कॅसेटच्या दिवसांत तो हजार वॅटचा फोकस पंगतीवर फिरला की जेवणारे डोळे मिचकावायचे आणि हातातला घास हातातच राहायचा, हे ज्यांनी भोगलंय त्यांना आठवेल.

या दोघांत फरक कॅमेरा हाताळण्यात नसतो, तो उभं राहण्यात दिसतो. इंजिनिअर पोरगा बऱ्याचदा लांब लेन्स लावून लांबून टिपतो, सत्तर-दोनशे मिलिमीटरची. चेहरा भरून येतो, मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं, लोक वाहवा करतात. स्टुडिओवाल्याचं पोर पस्तीस मिलिमीटरची छोटी लेन्स लावून तीन-चार फुटांवर जातं, कारण त्याला गर्दीत वावरायची सवय असते. त्याच्या फोटोत चेहऱ्याबरोबर मागची काकू येते, अर्धी तुटलेली तोरणं येतात, भिंतीवरचा पंखाही येतो. मला हे दुसरे फोटो आवडतात. लांबून काढलेल्या फोटोत माणूस सुंदर दिसतो, पण ते लग्न कुठलं, घर कुणाचं, हे कळेनासं होतं. अर्थात जवळ जायचं म्हणजे लोकांनी तुम्हाला जवळ येऊ द्यायला हवं. मिररलेस कॅमेऱ्यांत शटरचा आवाज बंद करता येतो, त्याचा काहींना फार आधार वाटतो. तो आधारही पुरता भरवशाचा नाही. हॉलमधल्या एलईडी दिव्यांखाली बिनआवाजाच्या शटरने फोटोवर काळे पट्टे उमटू शकतात, आणि सगळी रात्र वाया. शिवाय आवाज बंद केल्याने माणूस अदृश्य होत नाही. सहा फूट उंचीचा, काळा टी-शर्ट घातलेला, दोन्ही खांद्यांवरून कॅमेरे लोंबणारा इसम देवघराच्या दारात उभा असेल, तर आजीला तो दिसतोच.

अदृश्य होण्याचा खरा रस्ता काचीगुड्याच्या एका लग्नात बघायला मिळाला. मुलगी मराठी, तीन पिढ्या हैदराबादी. मुलगा खम्ममकडचा तेलुगू. विधी दोन्ही करायचे ठरलेले, त्यामुळे आमचे गुरुजी आणि त्यांचे पंतुलुगारू यांच्यात अदबशीर रस्सीखेच. कापड एकच होतं. त्याला आमच्या बाजूने अंतरपाट म्हणत होते, त्यांच्या बाजूने अड्डुतेरा. फोटोवाला तिशीतला, शांत. आदल्या दिवशी तो हळदीच्या आधीच घरी आला होता. कॅमेरा बॅगेतच. दोन्ही पुरोहितांजवळ बसून त्याने क्रम विचारून घेतला. मंगलाष्टकं किती म्हणणार, कापड कोण धरणार, जिरं-गूळ कापड मध्ये असतानाच डोक्यावर ठेवायचं की बाजूला झाल्यावर. हा शेवटचा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. आपल्याकडे कापड दूर होतं, नजरानजर होते आणि अक्षतांचा पाऊस पडतो. त्यांच्याकडे कापड मध्ये असतानाच दोघं विड्याच्या पानावरचा जिरं-गुळाचा गोळा एकमेकांच्या टाळूवर दाबून धरतात, तोच मुहूर्त. म्हणजे डोळ्यांच्या आधी हात पोचतो. ज्याला हे ठाऊक नसतं तो चेहऱ्यावर कॅमेरा रोखून बसतो आणि घटना त्याच्या चौकटीबाहेर, वर घडून जाते.

दुपारभर तो घरात वावरला. मुंडावळ्यांची गाठ सुटली तेव्हा सुतळी कापायला कात्री त्यानेच आणून दिली. आत्याबाईंनी त्याला दोनदा चहा दिला आणि ‘तुझं लग्न झालं का रे’ हेही विचारून घेतलं. हे विचारून झालं की आपल्या घरांत माणूस घरचा होतो. संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे बघून पदर सावरायचं बायकांनी सोडून दिलं. त्याने तोवर किती फोटो काढले होते कुणास ठाऊक. मुहूर्ताला तो मांडवात चढून सगळ्यांच्या पुढे उभा राहिला नाही. पाहुण्यांना नवरानवरीऐवजी कॅमेरावाल्यांच्या पाठी आणि एलईडी पडदा दिसतो, ही आजकालच्या प्रत्येक लग्नातली तक्रार आहे, आणि ती खरी आहे. तो कापड धरणाऱ्या मामाच्या कोपराशी एका गुडघ्यावर बसला होता. फोटो आला तो असा: दोन हात कापडाच्या वरून गेलेले, गोळा दाबल्याने तिच्या भांगातून गुळाचं पाणी उतरतंय, कापडाच्या या बाजूला ती डोळे घट्ट मिटून आणि त्या बाजूला तो तोंड उघडं टाकून छताकडे बघतोय. सुंदर दोघंही दिसत नाहीत. मुलीने तोच फोटो मोठा करून लावला आहे.

त्या पहाटेचा एक फोटो मात्र अल्बममध्ये नाही. मुलीचे वडील जेवणघरामागच्या नळाशी उभे राहून तोंड धूत होते, बराच वेळ. शर्टाची पुढची बाजू भिजलेली. मी तिथून जात होतो, आणि तोही तिथेच होता, सहा-सात पावलांवर, कॅमेरा हातात, उजेडही चांगला. त्याने कॅमेरा वर उचलला आणि खाली घेतला. काढला की नाही, हे मी विचारलं नाही. पुढे महिन्याने फोटोंचा गठ्ठा पेनड्राइव्हवर आला, त्यात तो नव्हता. कदाचित काढून गाळला असेल. हजारो फोटोंतून चार-पाचशे निवडायचे हे या लोकांचं लग्नानंतरचं खरं काम, आणि त्यात काय टाकून दिलं हे ग्राहकाला कधीच कळत नाही. या धंद्यातली सगळी सभ्यता त्या न कळणाऱ्या भागात असते.

ट्रॅडिशनलवाल्याची बाजूही सांगायला हवी, कारण कँडिडवाले त्याला फार हसतात. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात दीनदयाळच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह जपून ठेवल्या आहेत. त्यांतली बहुतेक माणसं ताठ बसलेली आहेत, एकही स्वतःच्या तंद्रीत नाही. तरी सव्वाशे वर्षांपूर्वीचं हैदराबाद कोण होतं, काय नेसत होतं, कुणाशेजारी बसत होतं, हे आपल्याला त्यांच्यावरूनच कळतं. घरातही तेच. आमच्याकडच्या जुन्या अल्बममध्ये, ज्याच्या पानापानांत बटर पेपर आहे, एकजात सगळे खुर्च्यांवर ओळीने बसलेले, हात मांडीवर. कुणाचाच ‘मूड’ टिपलेला नाही. पण आजोबांचे कर्नाटकातले चुलतभाऊ कसे दिसायचे, हे सांगणारा जगात तेवढा एकच फोटो आहे. काचीगुड्याच्या त्या लग्नाचे फोटो बघताना मुलीच्या आजीने तो गुळाच्या पाण्याचा फोटो बाजूला सारला आणि विचारलं, ‘औरंगाबादचे सगळे आलेत ना फोटोत?’

आले होते. फोटोवाल्याने दोन्ही घरांकडून आधीच एक यादी मागून घेतली होती. कुणाकुणाचा फोटो राहता कामा नये, त्यांची नावं. वर त्याने एक अट घातली होती, की नावं नात्याच्या मानाने लिहायची नाहीत, वयाच्या उतरत्या क्रमाने लिहायची. ऐंशीच्या पुढची माणसं जेवायला जाण्याआधी त्याने पहिली उरकली.